तागा सापडला, आता तिला कोण सांगणार?

आदरणीय बाई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात माझं घरगुती शिवणकाम आहे. आठ मशीन, सहा बायका. शाळांचे गणवेश शिवतो, बायकांना नगावर पैसे देते. गेल्या वर्षी जूनच्या गर्दीत पांढऱ्या शर्टिंगचा ४० मीटरचा एक तागा सापडेना. ९० रुपये मीटरचा माल. खूप शोधाशोध केली. सगळ्यांचं बोट एकीकडेच गेलं, कारण सहा जणींत एक पारधीण होती. मी तिला चोर म्हटलं नाही. 'उद्यापासून येऊ नकोस' एवढंच म्हटलं. तिच्या २१२ नगांचे ५३०० रुपये द्यायचे होते, ते ताग्याच्या भरपाईत धरले. ती काही न बोलता निघून गेली.

नाताळची आवराआवर करताना तागा माळ्यावर सापडला, गोधड्यांच्या मागे. पत्रा गळत होता म्हणून माझ्या मिस्टरांनी तो वर टाकला आणि विसरून गेले. माझ्या पायांतलं बळच गेलं. त्या रात्री गुडघे टेकून पापकबुली केली, स्तोत्र ५१ वाचलं. नाताळला बाकीच्या पाचही जणींना चांगल्या साड्या घेतल्या, मंडळीत आभाराचं दान दिलं. महिला मंडळात साक्षही दिली की देवाने मला एका ओझ्यातून मोकळं केलं. ओझं कसलं ते सांगितलं नाही.

मिस्टर म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. 'ख्रिस्ती असून असं केलं' असा गावात बोभाटा झाला तर मंडळीची साक्ष बिघडेल. मलाही ते पटतं. पण यंदाची ऑर्डर मोठी आहे आणि त्या पारधिणीचा हात काजं-बटणाला सुरेख होता. वस्ती दोनच किलोमीटरवर आहे. काही न सांगता तिला परत बोलावलं, चार पैसे जास्त दिले, तर चालेल ना? तागा अजून माळ्यावरच आहे, खाली काढवत नाही. प्रार्थनेला बसलं की तोच डोळ्यांपुढे येतो. नाव छापू नये.
तुमची एक भगिनी

*

ताई, सलाम.

नाव छापलेलं नाही, गावही नाही. पण पत्र तीनदा वाचलं आणि एक गोष्ट खटकत राहिली. पत्रात नाव कुणाचंच नाही, ते ठीक. मिस्टर तुम्हाला नात्याने आठवतात, बाकीच्या पाच जणी साड्यांनी आठवतात, आणि जिच्यासाठी हे सगळं लिहिलंत ती तेवढी जातीने आठवते. तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. नगांच्या वहीत ते तुमच्याच अक्षरात असणार. आधी ती वही काढा.

वही काढलीच आहे तर हिशेबही करू. ४० मीटर, ९० रुपये मीटर, म्हणजे तागा ३६०० रुपयांचा. तुम्ही धरले ५३००. म्हणजे तागा खरोखरच चोरीला गेला असता, आणि तो तिनेच नेला असता, तरीही १७०० रुपये तुमच्याकडे तिचे राहिले. पत्रात दोन्ही आकडे तुम्हीच दिलेत, शेजारी शेजारी, आणि तुमच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही. तुम्ही ते मुद्दाम ठेवलेत असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीची तुमची धावपळ मला कळते. पण एखाद्या शाळेच्या बिलात १७०० रुपयांची चूक झाली असती तर मुख्याध्यापकांचा संध्याकाळच्या आत फोन आला असता. इथे विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून चूक आठ महिने वहीत सुखाने पडून राहिली. कायद्याच्या बाजूने एवढंच सांगते, की मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि तरीही सगळाच्या सगळा पगार कापता येत नाही. तिला विचारलं होतंत का? 'तागा पाहिलास का गं,' एवढं तरी?

आता स्तोत्र ५१. 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले' ही ओळ वाचून तुम्हाला मोकळं वाटलं असेल. पुष्कळांना वाटतं. माझी आई तर कुणाशी भांडण झालं की हेच स्तोत्र काढायची आणि भांडण तसंच ठेवून झोपायची. पण हे स्तोत्र ज्याचं, तो दावीद राजा हे म्हणाला तेव्हा त्याचा शिपाई उरीया मेलेला होता. दावीदानेच त्याला लढाईत पुढे धाडून मारवलं होतं. त्याला परत द्यावं असं काही राजाच्या हाती उरलंच नव्हतं. (उरीयाची बायको बथशेबा जिवंत होती, तिचं काय, हा माझा दावीदाशी जुना वाद आहे. तो इथे नको.) तुमची बाई जिवंत आहे. दोन किलोमीटरवर राहते. तिचे पैसे तुमच्याकडे आहेत आणि तिचं नावही तुमच्याकडेच अडकलंय. अशा वेळी उरीयावाल्याचं स्तोत्र उसनं घेऊन चालणार नाही.

तुमच्यासाठी पवित्र शास्त्रातलं जे पान आहे ते फारसं कुणी वाचत नाही. लेवीयचा सहावा अध्याय. ठेव बुडवणे, शेजाऱ्यावर जुलूम करणे, दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडली असताना खोटं बोलणे, असे अपराध तिथे एकापाठोपाठ येतात. तुमच्या बाबतीत वस्तू तुमचीच होती, हरवलं ते दुसरीचं. पण पुढे काय करायचं ते सारखंच आहे: मूळ रक्कम पूर्ण द्यायची, वर पाचवा भाग घालायचा, आणि ज्याची त्याच्याच हातात द्यायची. तीही कधी, तर दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, घेऊन येण्याच्या दिवशीच. म्हणजे वेदीपाशी जाण्याची वाट त्या माणसाच्या दारावरून होती. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू तेच सांगतो. तिथला एक बारकावा उपदेशात अनेकदा निसटतो. तुझ्या मनात कुणाविषयी अढी असेल तर, असं तो म्हणत नाही. तुझ्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही असेल तर, म्हणतो. तुमच्या मनाला शांती वाटते की नाही हा तिथे प्रश्नच नाही. दान वेदीपुढे ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. तुम्ही दान आधी देऊन बसलात. ते परत मागायला मी सांगत नाही, खजिनदारांना उगाच पावतीपुस्तकात खाडाखोड नको.

साड्यांविषयी मात्र सांगायला हवं, कारण हे मी घरात पाहिलंय.

माझ्या वडिलांचं प्रवरेच्या पट्ट्यात किराण्याचं दुकान होतं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि आमच्या भागाची रहाटीच बदलली. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, बैलगाड्या, पाचटाच्या कोप्या, आणि सहा महिने दुकानाला फुरसत नसायची. वडील आमच्या मंडळीत शब्बाथशाळा घ्यायचे. दुकानातलं माप चोख म्हणून त्यांचं नाव होतं. एकदा पुनरुत्थानाच्या सणानंतर तराजू धुवायला काढला तेव्हा मालाच्या पारड्याखाली चिंचेचा वाळलेला गोळा चिकटवलेला निघाला. पासंग म्हणून नव्हे. पासंग तराजू सम करायला लावतात, हा खाली ओढायला लावला होता. काम माझ्या थोरल्या भावाचं. वयाने सतरा, डोक्यात सायकल. वडिलांनी त्याला मारलं नाही. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, आणि पुढचा महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला झुकतं माप दिलं. कुणाला काही सांगितलं नाही.

मला तेव्हा वडील फार मोठे वाटले. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की ज्यांना झुकतं माप मिळालं ते गावातले लोक होते, आणि ज्यांना महिनोन्‌महिने कमी मिळालं ते पट्टा पडल्याबरोबर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपताच, बैल जुंपून आपापल्या मुलखाला परत गेले होते. त्यांच्या उधारीच्या वह्या आमच्याकडे होत्या. टोळीच्या मुकादमाचं गाव वडिलांना माहीत होतं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर भागत होतं. पण पोस्टकार्डावर काय लिहायचं? 'तुम्हाला फसवलं' हे दोन शब्दच नसते का लिहावे लागले? झुकतं माप देणं सोपं होतं, आणि शिवाय गावात नाव वाढलं.

तुमच्या पाच साड्या म्हणजे ते झुकतं माप आहे, ताई.

'मी तिला चोर म्हटलं नाही,' असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे, शब्द तुमच्या तोंडून गेला नाही. तो बाकीच्यांनी उच्चारला आणि 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणून तुम्ही त्याच्यावर सही केलीत. 'खोटी साक्ष देऊ नको' ही नववी आज्ञा फक्त कोर्टात उभं राहून खोटं बोलणाऱ्यासाठी असती तर आपण सगळेच सुटलो असतो. आणि डिसेंबरपासून तर तुम्हाला ठाऊकच आहे. तोवर तो गैरसमज होता. माळा झाडल्यानंतरचा प्रत्येक दिवस मात्र तुम्ही जाणूनबुजून ठेवलेली खोटी साक्ष आहे. हे वाचायला कठोर वाटेल. पण तुम्हाला शांती नाही म्हणता, ती याच जागी अडलीय.

शिवाय हा शब्द कुणाला लागला ते बघा. तुम्हाआम्हाला कुणी चोर म्हटलं तर आपण संतापतो, चार दिवस बोलत नाही, संपलं. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लावला. जमातीत जन्मलेलं पोर जन्मतःच गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायचं तर परवानगी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती. फासेपारधी त्यात होते. देशातल्या अशा काही वसाहती मिशनऱ्यांनीही चालवल्या, आणि आपल्या वर्धापनदिनाच्या भाषणांत ते कुणी सांगत नाही. कायदा १९५२ मध्ये उठला, ३१ ऑगस्टला. कागदावरून उठला. गावात काही हरवलं की पोलिसांची गाडी अजून आधी कुठे वळते, हे तुम्ही त्या भागात राहता, मी काय सांगू? म्हणून ती 'काही न बोलता निघून गेली'. तुम्हाला तो कदाचित कबुलीजबाब वाटला असेल. मला वाटतं, बोलून काही होत नाही हे ती वस्तीवर फार लहानपणी शिकली असेल.

आणि बोट दाखवणारे आपण कोण? अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. पुढच्या काळात या जिल्ह्यात जे मंडळीत आले त्यांतल्या बहुतेकांची घरं गावकुसाबाहेर होती. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते. तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल, म्हातारी माणसं सांगतात तशी. आपण आत आलो आणि दार लावून घेतलं की काय, असं तुमचं पत्र वाचताना वाटलं. हे मी मलाही धरून म्हणतेय. माझ्या वर्गात वस्तीवरचं पोर असलं की खडूची पेटी कपाटात ठेवायची सवय मला किती वर्षं होती, ते न सांगितलेलंच बरं. बघा, मीही झाकली मूठ ठेवली. तर सांगते, अकरा वर्षं.

मिस्टरांचं म्हणणं, मंडळीची साक्ष बिघडेल. 'साक्ष' शब्द आपण फार स्वस्त केलाय. मंडळीत उभं राहून 'देवाने माझं कसं भलं केलं' ते सांगणं म्हणजे साक्ष, असं आपल्याला वाटायला लागलंय. मुळात साक्ष म्हणजे जे घडलं ते, जिथे सांगायला हवं तिथे सांगणं. तुम्ही महिला मंडळात ओझं उतरल्याची साक्ष दिलीत, आणि ओझं माळ्यावर होतं. जक्कयची गोष्ट घ्या. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. तो सगळ्यांसमोर उभा राहून आकडा सांगतो: कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. त्याने आकडा सांगितल्यावर प्रभू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. लोक आधीच कुरकुरत होते, पाप्याच्या घरी उतरला म्हणून. प्रभूने त्याला, 'हळू बोल, माझं नाव खराब होईल,' असं म्हटलं नाही. मंडळीच्या नावाची काळजी मिस्टरांनी प्रभूवर सोडावी, त्याला सवय आहे.

हां, मिस्टरांवर आता हे सगळं ढकलू नका. तागा त्यांनी वर टाकला आणि विसरले, यात पाप नाही. तिच्यासमोर 'यांनी टाकला होता हो' हे पहिलं वाक्य नसावं.

म्हणजे जायचंच. आणि तुम्ही जायचं, तिला बोलावणं धाडायचं नाही. तुमच्या घरी ती मशीनपाशी उभी राहिली की ती कामवाली आणि तुम्ही मालकीण. तिच्या दारात तुम्ही उभ्या राहिलात तर निदान बसा म्हणायचा हक्क तिचा. पाळकसाहेबांना आधी सांगावंसं वाटलं तर सांगा, ते प्रार्थना करतील, पण क्षमा तिच्या वतीने त्यांना देता येणार नाही. सोबत त्यांना नेऊ नका, महिला मंडळाला तर मुळीच नाही. वस्तीवर चारचाकी भरून लोक आले की लोकांच्या छातीत धस्स होतं. नवराबायको दोघंच जा. पवित्र शास्त्र नेऊ नका, फराळाचा डबा नेऊ नका, साडीचं तर नावच काढू नका.

पैसे न्या. ५३०० मूळ. त्यावर पाचवा भाग १०६०. झाले ६३६०. चौपट द्या असं मी म्हणणार नाही, जक्कय श्रीमंत होता आणि तुम्ही मशीनचे हप्ते भरत असाल. पण आणखी एक रक्कम आहे जी तुम्ही धरलीच नाहीत. जुलैपासून आजपर्यंत तिचं काम गेलं. वहीत बाकीच्या पाच जणींनी या महिन्यांत काय काय कमावलं ते बघा, त्याची सरासरी काढा. तिच्या वाट्याला तेवढं आलं असतं. ती रक्कम एकदम जमणार नसेल तर किती दिवसांत देता ते कागदावर लिहा, सही करा, कागद तिच्याकडे ठेवा. हे देणं आहे. 'बक्षिशी' किंवा 'मदत' असा शब्द तोंडातून निघू देऊ नका.

बोलायचं थोडं. तागा आमच्याच माळ्यावर सापडला, नाताळच्या आधी. तू नेला नव्हतास. मी न विचारता तुला काढलं, तुझे पैसे ठेवले, आणि कळल्यावरही इतके दिवस सांगितलं नाही. एवढंच, याच क्रमाने. 'तुला तर माहीतच आहे गर्दी कशी होती' हे नको. रडू येईल, पण तिथे आवरा, नाहीतर उठून पाणी तिलाच आणावं लागेल. मग ती काय म्हणेल ते ऐका. शिव्या देईल. गप्प बसेल. पैसे मोजून घेईल आणि दार लावेल. 'बरं झालं सांगितलंत' असंही म्हणेल कदाचित, पण त्या आशेने जाऊ नका. क्षमा ही तिची गोष्ट आहे, ती तुमच्या ऑर्डरच्या तारखेला मिळेलच असं नाही. आणि एक विचारा: त्यानंतर तुला आणखी कुठे काम नाकारलं का, कुणी चौकशीला आलं का? असेल तर त्या त्या ठिकाणी जाऊन खरं काय ते सांगायचं कामही तुमचंच.

कामाचं मात्र त्या दिवशी काढायचं नाही. तुम्हाला तिचे हात हवे आहेत हे मला कळतं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. पण माफी आणि रोजगार एकाच पिशवीत घालून दिलात तर तिला एक नाकारता येणार नाही, कारण दुसरं हवं आहे. आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग निरोप पाठवा, भाव इतरांइतकाच सांगा. 'चार पैसे जास्त' नको. त्याने बाकीच्या पाच जणींना वाटेल की हिची काहीतरी भानगड होती म्हणूनच बाई दबल्या.

त्या पाच जणींना वस्तीवरून परत आल्यावर त्याच दिवशी सांगा. मशीन बंद करून सांगा, ओव्हरलॉकच्या आवाजात नको. बोट त्यांनी दाखवलं होतं, त्यामुळे त्यांनाही ऐकायला जड जाईल. एखादी म्हणेल, 'पण बाई, तिची लोकं तशीच.' तिथे गप्प राहिलात तर सगळं केलेलं पाण्यात.

महिला मंडळाचं शेवटी. तिथली साक्ष दुरुस्त करायलाच हवी, पण आधी तिला विचारा, तुझी गोष्ट सांगू का. ती नको म्हणाली तर तिचं नाव, वस्ती, जात काहीही न आणता एवढंच सांगा की मागे मी ओझं उतरलं म्हणाले ते खोटं होतं, एका बाईचे पैसे आणि अब्रू माझ्याकडे होती, ती नेऊन दिली. पाळकीणबाई पुढचं गीत चटकन सुरू करतील. करू द्या.

राहिला तागा. तो आज संध्याकाळीच खाली काढा. शिडी मिस्टरांना धरायला सांगा. इतके महिने गोधड्यांत राहिलेल्या पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पडलेले असतील, तर त्याचे गणवेश शिवून शाळेच्या माथी मारू नका, अस्तराला वापरा. आणि वस्तीवर जायचं ते बाजाराच्या दिवशी नको, ती घरी सापडायची नाही.